पाण्याला घाबरवायचं की पाणी शिकवायचं?



गेल्या महिन्यात खाडीकाठच्या एका ग्रामसंघाची बैठक होती. कर्जफेडीचा आढावा झाला, वह्या तपासून झाल्या, चहा आला. तेवढ्यात एका ताईंनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. फोटोत गळ्यात पदक घातलेली एक मुलगी होती. नेहा ठाकूर तिचं नाव. २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिनं शिडाच्या होडीच्या शर्यतीत रौप्यपदक जिंकलं, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या एका गावची, शेतकऱ्याची मुलगी. तिच्या राज्याला समुद्रच नाही. ती शिकली भोपाळच्या तलावात, सरकारी नौकानयन शाळेत.

फोटो सगळ्यांच्या हातातून फिरला. मग त्या ताई म्हणाल्या, "तिका तळ्यात शिकवल्यानी. आमच्या दारात खाडी आसा. आमच्या पोरींका कोण शिकवतला?"

लगेच दुसऱ्या ताई म्हणाल्या, "पाण्याच्या जवळ जाव नको, ह्याच आमी शिकवतंव." यावर कोणी काही बोललं नाही. त्या गावात पाण्यानं नेलेल्या माणसाचं नाव प्रत्येक घराला माहीत आहे.

मी घाटावरची. आमच्याकडे मुलगे विहिरीत उड्या मारून पोहायला शिकायचे आणि आम्ही मुली काठावर त्यांचे कपडे सांभाळायचो. त्यामुळे मला अजून पोहता येत नाही. दर आठवड्याला तरीनं खाडी ओलांडताना मी फळी घट्ट धरून बसते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलंय आणि हसूनही झालंय. म्हणून त्या दिवशीचा प्रश्न मला माझाच वाटला. मुलांना होडी शिकवणारे क्लब असतात म्हणजे नेमकं काय असतं, तिथे कोण शिकवतं, मुलं बुडत कशी नाहीत आणि आपल्याला त्यातलं काय घेता येईल, हे या अंकात समजून घेऊ.

दोन प्लायवूडची होडी

आज शंभराहून जास्त देशांत मुलं ज्या छोट्या होडीवर पहिले धडे घेतात, तिचं नाव 'ऑप्टिमिस्ट'. तिची गोष्ट आपल्याला ओळखीची वाटेल, कारण ती एका गावातल्या माणसांनी मिळून केलेल्या कामाची आहे.

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात क्लिअरवॉटर नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथे ऑप्टिमिस्ट क्लब नावाचं एक सेवा मंडळ होतं. मुलांनी घरी बनवलेल्या बिनइंजिनाच्या गाड्या उतारावरून सोडायची शर्यत ते भरवायचं. १९४७ मध्ये क्लिफर्ड मॅके या गृहस्थांनी विषय काढला, की समुद्र दारात आहे तर मुलांसाठी होडी का करू नये? अट एवढीच, की खर्च पन्नास डॉलरच्या आत बसावा आणि बाप-लेकांना ती घरच्या शेडमध्ये बनवता यावी.

क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्या कारागिरानं मग आठ बाय चारच्या दोन प्लायवूडमधून निघेल अशी होडी आखली. लांबी आठ फुटांच्या जरा आत. पुढून टोकदार नाही, चपटीच, कारण टोक काढायला प्लायवूड पुरलं नसतं. दिसायला पेटीच. शीड एकच आणि तेही लहान. आपल्या पाचवारी साडीच्या निम्म्याहून थोडं जास्त कापड लागेल एवढं. गावातल्या दुकानदारांनी एकेका होडीचा खर्च उचलला आणि बघता बघता मुलं पाण्यात उतरली. पुढे १९५४ मध्ये एका डेन्मार्कच्या माणसानं ही होडी युरोपात नेली आणि तिथून ती जगभर गेली.

आता त्या होड्या बहुतेक फायबरच्या असतात. वजन साधारण ३५ किलो, म्हणजे दोन मोठ्या मुली दोन बाजूंनी धरून ती पाण्यापर्यंत नेऊ शकतात. पंधरा वर्षांपर्यंतची मुलं ती एकट्यानं चालवतात. हे 'एकट्यानं' महत्त्वाचं आहे. त्याकडे आपण पुन्हा येऊ.

मूल शिकतं कसं?

पहिल्या दिवशी शीड कोणी उभारत नाही. आधी पाण्यात थोडं अंतर पोहता येतं का, लाईफ जॅकेट घालून उताणं तरंगता येतं का, तोंडावर पाणी उडालं तर मूल गांगरतं का, एवढं बघतात. नाही जमलं तर आधी ते शिकवायचं. यात कोणाला सूट नसते.

मग होडी वाळूतच ठेवून धडा होतो. वारा कुठून येतोय? बोट ओलं करून धरा, काठीला बांधलेली चिंधी बघा, पाण्यावरच्या सुरकुत्या बघा. शिडाच्या होडीला इंजिन नसतं. वारा कळला नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

त्यानंतर तीन वस्तूंची ओळख. एक, सुकाणूचा दांडा. हा उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे वळते. सुरुवातीला सगळी मुलं इथे फसतात. दोन, मधली फळी. ही होडीच्या पोटातून खाली पाण्यात जाते आणि होडीला वाऱ्यानं आडवं सरकू देत नाही. तीन, शिडाची दोरी. ओढली की शीड ताठ होतं, वारा भरतो, होडी पळते. सोडली की शीड फडफडतं आणि होडी थांबते.

या तिसऱ्या गोष्टीत सगळ्या शिकवणीचं सार आहे. घाबरलेलं मूल हातातली दोरी घट्ट आवळतं. आपणही घाबरलो की जे हातात असेल ते आवळतोच. पण दोरी आवळली की वारा आणखी भरतो आणि होडी आणखी कलते. म्हणून मुलांच्या मनावर पहिल्या दिवसापासून एकच वाक्य ठसवतात. गोंधळ झाला, दोरी सोड. दोरी सोडता येणं हाच होडीचा ब्रेक.

पुढचा धडा ऐकून तुम्हाला धक्का बसेल. होडी मुद्दाम उलटवतात. उथळ आणि शांत पाण्यात, मोठं माणूस शेजारी उभं राहून. ऑप्टिमिस्टमध्ये हवेच्या पिशव्या बांधलेल्या असतात, त्यामुळे उलटली तरी ती बुडत नाही. मुलानं करायचं काय? होडीला धरून राहायचं. मागच्या बाजूनं फिरून पाण्यावर आलेल्या मधल्या फळीपाशी जायचं. फळीवर वजन टाकायचं, की होडी सरळ होते. मग आत चढून डब्यानं पाणी उपसायचं. हा डबा म्हणजे बहुतेक वेळा प्लास्टिकचा कॅन कापून केलेला असतो, दोरीनं होडीला बांधलेला. सोबत एक नियम तोंडपाठ: होडी सोडून काठाकडे पोहत निघायचं नाही. पाण्यात एकटं डोकं दिसत नाही, उलटलेली होडी लांबून दिसते.

मूल दोन-चार वेळा उलटलं आणि आपलं आपण सरळ झालं, की भीतीचं रूप बदलतं. ती जात नाही, जायलाही नको. पण आता तिच्यासोबत 'काय करायचं' हे माहीत असतं.

शेवटी येतं वाऱ्याच्या तोंडावर जाणं. वारा जिथून येतो, नेमकं त्याच दिशेला शिडाची होडी जाऊ शकत नाही. दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा पट्टा तिला बंद असतो. मग पोचायचं कसं? घाटातली एसटी चढते तसं. थोडं या बाजूला, वळण, थोडं त्या बाजूला, वळण. समोरून वारा असला तरी पोचता येतं, फक्त सरळ रेषेत नाही. हे दहा वर्षांचं मूल स्वतःच्या हातानं करतं आणि वळण कधी घ्यायचं तेही स्वतःच ठरवतं. होडीत त्याच्याशेजारी सांगायला कोणी नसतं. म्हणूनच ती होडी एका मुलाची ठेवलेली आहे.

काठावरची माणसं

मूल होडीत एकटं असतं, पण पाण्यावर एकटं नसतं. हाच अशा क्लबचा खरा कारभार. क्लब म्हटलं की आपल्याला श्रीमंत लोकांची जागा वाटते आणि काही तशा असतातही. पण ब्रिटनसारख्या देशांत गावोगावचे बरेच छोटे क्लब स्वयंसेवकांवर चालतात. कोणी शिक्षिका, कोणी सुतार, कोणी निवृत्त माणूस आणि सगळ्यात जास्त मुलांचे आईबाप. कामं वाटून घेतात आणि पाळी लावतात.

एका स्वयंसेवकाकडे फळ्यावरची हजेरी. मूल पाण्यात जाताना आपला बिल्ला एका खिळ्यावरून काढून दुसऱ्यावर लावतं, परत आलं की मागे. संध्याकाळी एक जरी बिल्ला 'पाण्यात' राहिला असेल, तर सगळे बाहेर आल्याशिवाय कोणी घरी जात नाही. दुसरं माणूस बचावाच्या इंजिनहोडीवर आणि त्याला इंजिन तात्काळ बंद करणारी दोरी स्वतःला बांधणं सक्तीचं. तिसरं काठावर, शिट्टी आणि दुर्बीण घेऊन, त्याला गप्पा मारायला बंदी. चौथं डागडुजी बघतं, फाटलेलं शीड शिवतं. पाचव्याकडे हिशोब. आणि चहा-खाण्याची पाळी असतेच!

रॉयल याटिंग असोसिएशन ही ब्रिटनमधली या खेळाची संस्था. एकट्यानं चालवायच्या जास्तीत जास्त सहा होड्यांमागे एक प्रशिक्षक, असं प्रमाण तिनं घातलं आहे. प्रशिक्षक आला नाही, की त्या दिवशी तेवढ्या होड्या कमी. मुलं रडली तरी चालेल.

आता सांगा, हे वाचून कशाची आठवण आली? मला तर आपल्या पंचसूत्रीची आली. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. गट चांगला चालतो तो पैसा जास्त असतो म्हणून नाही, ठरलेलं काम ठरलेल्या दिवशी ठरलेली बाई करते म्हणून. मुलांना होडी शिकवण्याचंही तसंच आहे. होडी विकत मिळते. बिल्ले मोजायला दर रविवारी येणारं माणूस विकत मिळत नाही. आणि ती सवय आपल्याकडे आहे.

तुम्हाला येतं, पण तुम्ही मोजत नाही

बैठकीत मी वारा आणि भरती-ओहोटीबद्दल सांगायला लागले, तर ताईंनी मलाच शिकवलं. तिथीला पाऊणपट करायची, की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला. गावागणिक थोडा फरक पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मवाळ.

शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे. आता हेच होडी शिकणाऱ्या मुलाच्या बाजूनं बघा. सकाळी वारा हलका असतो म्हणून सकाळ चांगली वाटते. पण मतलई अजून वाहत असेल आणि त्यात ओहोटी लागलेली असेल, तर दोन्ही मिळून होडीला खाडीच्या मुखाकडे नेतात. नवीन मुलासाठी ही सगळ्यात वाईट वेळ. त्यापेक्षा भरती चढत असताना, वारा काठाकडे येत असताना आणि भांगाच्या दिवसांत शिकवलं, तर चूक झाली तरी पाणी मुलाला घराकडेच आणतं. पावसाळ्यात तर शिकवणीचा विषयच नको.

बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षकाला होडी येत असेल, पण या खाडीत कुठे भोवरा आहे, कुठे चिखलात पाय रुततो, कुठल्या तिथीला पाणी कुठवर येतं, हे तुम्हालाच माहीत. शिंपल्यांसाठी ओहोटीच्या चिखलात उतरणाऱ्या बाईला हे ज्ञान आहे. तिला ते ज्ञान वाटत नाही, एवढंच.

आणि बायकांना होडी झेपत नाही असं कोणी म्हटलं, तर वेंगुर्ल्याचं नाव घ्या. मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या ताई स्वतः वल्ही मारत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. त्यांनी ते शिकून घेतलं, गट म्हणून.

पाण्यापासून लांब ठेवलं तर?

आता त्या दुसऱ्या ताईंच्या म्हणण्याकडे येऊ. मुलांना पाण्यापासून लांबच ठेवलं तर काय बिघडलं? त्यांची भीती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली. त्यातली जवळपास चौथाई पाच वर्षांच्या आतली मुलं होती. म्हणूनच २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून जगभर पाळतात.

ही संघटना उपाय सांगते ते वयानुसार. अगदी लहान मुलांना पाण्यापासून लांबच ठेवायचं. विहिरीला कठडा, हौदाला झाकण आणि आई कामावर असताना मूल अंगणवाडीत किंवा मोठ्या माणसाच्या नजरेखाली. पण शाळेत जाणाऱ्या मुलांना पोहणं, पाण्यातली सुरक्षितता आणि दुसऱ्याला सुरक्षितपणे वाचवणं शिकवायचं. कारण दहा वर्षांचं मूल लांब राहत नाही. ते मित्रांसोबत, तुम्हाला न सांगता जातं. आणि मुलींचं म्हणाल, तर त्या खेळायला गेल्या नाहीत तरी धुण्याला, शिंपल्यांना, तरीवर जातातच. पाणी त्यांनाही चुकत नाही. फक्त शिकवणी चुकते.

आपण काय करू शकतो?

उद्याच शिडाची होडी आणू, असं मी म्हणत नाही. होडी ही शेवटची पायरी. त्याआधीच्या पायऱ्या आपल्या हातात आहेत.

एक, यादी करा. प्रत्येक गटानं आपल्या सदस्यांची सहा ते सोळा वर्षांची मुलं लिहावीत. पोहता येतं का, हो की नाही. मुलींचा रकाना वेगळा ठेवा. तो रिकामा दिसला की विषय आपोआप निघेल.

दोन, पोहणं. गावात चांगलं पोहणाऱ्या ताई किती आहेत ते शोधा. मे महिन्याच्या सुट्टीत, भांगाच्या दिवसांत, कमरेएवढ्या पाण्यात आणि मुलं मोजून. पाण्यात शिकवणारी वेगळी आणि काठावर मोजणारी वेगळी. एकाच बाईनं दोन्ही कामं करायची नाहीत.

तीन, लाईफ जॅकेट. तरीवर, होडीवर मूल चढलं की जॅकेट अंगात. मुलाला मोठ्याचं जॅकेट चालत नाही, ते डोक्यावरून निघतं. घालून झाल्यावर खांद्यापाशी धरून वर ओढून बघा. कानापर्यंत वर आलं तर माप चुकलं.

चार, वाचवण्याची रीत. बुडणाऱ्याला बघून थेट उडी मारू नका, अशानं दोघं जातात. आधी मोठ्यानं हाक मारून माणसं गोळा करा. मग बांबू, साडी, दोरी, रिकामा झाकणाचा कॅन, जे हाताशी असेल ते काठावरून द्या. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर काय करायचं, त्याचं प्रशिक्षण ग्रामसंघाच्या बैठकीत द्यायची विनंती आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे करा.

पाच, होडी. वरच्या चारही गोष्टी एक वर्ष नीट चालल्या, तर पुढचं बोलू. त्यासाठी प्रशिक्षित माणूस लागेल, बचावाची होडी लागेल आणि महाराष्ट्र मेरिटाईम बोर्डाच्या जवळच्या बंदर कार्यालयात परवानगीची चौकशी करावी लागेल. तो पत्रव्यवहार मी करीन. पण हजेरीचा फळा कोण सांभाळणार, हे आधी ठरलेलं हवं.

जाता जाता एक सांगते. मीसुद्धा शिकायला सुरुवात केली आहे. गेल्या दोन रविवारी, दोन ताई आणि त्यांच्या तीन मुलींसोबत, कमरेएवढ्या पाण्यात. मुली माझ्या आधी तरंगल्या. मी मात्र ताईंचा हात सोडत नव्हते. त्या पाठीखाली हात धरून म्हणाल्या, "आंग सैल सोड गो बाय, पाणीच तुका उचलतला." सोडलं. नाकातोंडात पाणी गेलं, खोकले, पण दुसऱ्या वेळेला चार आकडे मोजेपर्यंत तरंगले. काठावर तिसऱ्या ताई उभ्या राहून आम्हाला मोजत होत्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

तर ताईंनो, पुढच्या मासिक बैठकीला येताना यादी घेऊन या. मुलींचा रकाना विसरू नका.

तुमची,
क्षेत्र समन्वयक